भीमाण्णांचा आवाज, माझी कॉइल आणि घागरभर पाणी

रेकॉर्ड घेऊन जतला निघालोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "घरात ऐकता ते कमी पडतंय का?"

"ऐकायला नाही, ऐकवायला चाललोय."

यावर तिने डब्यात दोन भाकऱ्या जास्त बांधल्या. म्हणजे परवानगी मिळाली.

झालं होतं असं. माझ्याकडे एक जुनं मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो: रेकॉर्डवर जी सुई फिरते, तिच्या मागे या जातीत केसाहून बारीक तारेची वेटोळी असतात आणि सुईबरोबर तीच हलतात. त्यातून येणारा आवाज मुंगीच्या पावलाएवढा, पण त्यात सगळं असतं. विकणाऱ्याने ते "डावी बाजू मेलीय, कपाटात शोभेला ठेवा" म्हणून दिलं होतं. आता मी साताऱ्यात पंपाच्या मोटारी भरून वर आलेला माणूस. जळलेली कॉइल पुन्हा भरणं हाच माझा धंदा. दहा एचपीची मोटार भरताना खांदे दुखतात. ही बाजू भिंगाखाली भरताना पापणी लवली तरी तार तुटायची. पण भरली. स्वतः भरली, आणि आज ती उजव्या बाजूला हार जात नाही.

याच कार्ट्रिजवर मध्यंतरी धनगरी ओव्यांची एक जुनी रेकॉर्ड लावली. कव्हरवर एकट्या बुवांचं नाव, पण मला मागे दुसराही आवाज ऐकू आला: ओळीचं शेपूट उचलणारा, जरा खरखरीत. मी या सदरात तसं लिहिलं आणि सांगलीहून एका निवृत्त सुभेदारांचा फोन आला.

"तो माझा मामा आहे. भीमाण्णा. जन्मभर सांगतायत, मी त्या रेकॉर्डवर बुवांच्या मागे झील धरलीय. कोण मानत नाही. गावात न होणाऱ्या गोष्टीला 'अण्णाची रेकॉर्ड' म्हणतात."

मी क्लिप पाठवली. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "मोबाइलवर मागचा आवाज येतच नाही हो. चार माणसांत ऐकवली, लोक हसले. मामा उठून गेले."

मग मला घरी बसवेना. कारण आता खोटे पडत होते दोघं. अण्णा आणि माझे कान.

अशा कार्ट्रिजसोबत प्रवास करणाऱ्यांना माझा सल्ला: ते काढून वेगळ्या डबीत ठेवा, सुईला टोपण घाला, आणि उन्हात काचेखाली चुकूनही ठेवू नका, आतलं रबर मऊ पडतं. डबी माझ्या शर्टाच्या खिशात होती. टर्नटेबल, अँप्लिफायर आणि स्पीकर मागच्या सीटवर रजईत. हायवेवर काम चालू असल्याने मी कोरेगाव, पुसेगाव, वडूज, विटा असा गेलो. रस्ता बरा आहे. फक्त मायणीच्या आसपास गतिरोधक पांढरे पट्टे न मारता घातलेत, तिथे डोळे उघडे ठेवा. वडूज स्टँडजवळ मिसळ झणझणीत आणि शंभराच्या आत पोट भरतं. तासगावला बेदाणे घ्या, पण चाखून.

सांगलीत सुभेदारांकडे मुक्काम. माणूस शिस्तीचा. सकाळी गाडीत बसल्यावर म्हणाले, "एक सांगू का? नाहीच ऐकू आलं, तर मामांना तिथंच सांगायचं नाही. रेकॉर्ड खराब आहे म्हणायचं."

"रेकॉर्ड खराब नाही," मी म्हणालो. आणि गाडी कवठेमहांकाळच्या रस्त्याला लावली.

नागजच्या पुढे हिरवळ मागे पडते. माळ, मेंढरं, मधूनच पाण्याचा टँकर. जतच्या अलीकडे आत वळून अण्णांची वस्ती. अंगणात पंधरा-वीस माणसं आधीच बसलेली. अण्णा ऐंशीच्या घरात, पटका कोरा करकरीत. त्यांच्या कारभारीण गंगव्वांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "लांबनं आलासा. ह्येंच्या नादाला कसं लागलासा?"

"आवाज ऐकलाय मी, अव्वा."

"मी बी ऐकतीया. लगीन झाल्यापास्नं."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. मला म्हणाले, "मिस्त्री, तिसऱ्या ओवीला ध्यान द्या. मी आदी उठलोय. बुवानं मांडीवर थाप मारली व्हती, थांब म्हणून."

मी सगळं जोडलं, सुई ठेवली, आणि स्पीकरमधून आला घूं... असा घरघराट. त्याखाली बुवा कसेबसे. मागचं काहीच नाही.

"ह्यो भुंगा गातोय का अण्णा?" एकजण म्हणाला.

अण्णा खाली बघायला लागले. सुभेदार माझ्याकडे बघत होते. रेकॉर्ड खराब आहे म्हणा, असं त्यांचा चेहरा सांगत होता.

पण घरघर कसली आहे ते मला कळत होतं. आयुष्य त्याच आवाजात गेलंय. अर्थिंग नव्हतं. आवाज मुंगीएवढा असतो तिथे विजेची कुरकुर हत्तीएवढी होते. बोअरच्या खांबाशी अर्थिंगचा खड्डा सापडला. तार ओढून आणली, जोडली. घरघर थोडी कमी झाली, गेली नाही. खड्ड्यातली माती भाकरीच्या पिठासारखी कोरडी होती; अशा मातीत वीज उतरत नाही. आमच्याकडे शेतकरी त्यात दोन बादल्या पाणी ओततात आणि विसरून जातात. इथे मी दाराशी झाकून ठेवलेल्या घागरींकडे बघितलं आणि बोलायला धीर होईना.

"काय पायजे?" गंगव्वांनी विचारलं.

"पाणी. मातीत ओतायला."

"टँकर परवा हाय," कोणीतरी म्हणालं.

गंगव्वा अण्णांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाय ते हाय. एकदाचं खरं-खोटं हुंदे." आणि घागर स्वतः उचलून खड्ड्यात रिकामी केली.

वीज सहज उतरावी म्हणून मी वर मूठभर मीठ टाकलं. हळूहळू घरघर विरत गेली.

पुन्हा सुई ठेवली. बुवा. आणि त्यांच्या मागून, ओळीचं शेपूट उचलणारा तो खरखरीत आवाज. अंगणातल्या एका म्हाताऱ्याने नुसती मान वर केली. तिसरी ओवी आली. मागचा आवाज अर्धी ओळ आधीच उठला, आणि लगेच एक बारीक थाप. ती थाप मी घरी धुळीचा टक समजून किती वेळा ब्रशने पुसली होती.

कोणी टाळी वाजवली नाही. मघाशी भुंगा म्हणणारा म्हणाला, "व्हय की रं. अण्णाच हाय."

अण्णांनी पटका काढून मांडीवर ठेवला. गंगव्वा म्हणाल्या, "थांबायचं तवा बी कळत न्हवतं."

अण्णा तेव्हा पहिल्यांदा हसले.

पुन्हा लावा, पुन्हा लावा झालं. तिसऱ्यांदा लावताना माझ्या कानाला घरघर परत जाणवली. माती पाणी प्यायली होती. पुन्हा पाणी मागवेना. पण गंगव्वांनाही ती ऐकू आली असावी. त्या उठल्या आणि दुसरी घागर घेऊन खड्ड्याकडे गेल्या.

येताना सांगलीत भडंग घेतलं, सुभेदारांना सोडलं आणि अंधार पडायच्या आत साताऱ्यात पोचलो. खर्च म्हणाल तर डिझेल आणि जेवण; मुक्कामाचे पैसे सुभेदारांनी घेतले नाहीत. लोक विचारतात, एवढ्या जुन्या, नाजूक वस्तूच्या मागे का लागता? नवीन घ्या, लावा आणि विसरा. मी आजवर हजारो मोटारी भरल्या, त्यांनी उसाला पाणी दिलं, त्याचा मला अभिमान आहेच. पण त्या भिंगाखालच्या कॉइलने एका माणसाला त्याच्याच अंगणात खरं केलं. हे काम मी केलं, हे मी कोणालाही सांगेन.

रविवारी ऐकायला बसण्याआधी मी माझ्याही अर्थिंगला पाणी घालतो. पूर्वी पाइप लावून ठेवायचो. आता तांब्याने घालतो.