झूराकान एजेंच्या टपालाचं कुलूप

तेहतीस वर्षं आमच्या गावाचं टपाल झूराकान एजेंच्या हातून गेलं. एजे म्हणजे थोरली बहीण; सगळं गावच त्यांना तसं म्हणतं. कोणाचा मुलगा मॉस्कोहून पत्र पाठवतो, कोणाचा नुसता पाठवतो म्हणतो, हे त्यांना पाकिटावरूनच कळायचं. पण एकही पाकीट त्यांनी कधी वाफेवर धरलं नाही. "बाहेरून दिसतं तेवढ्यानंच डोकं दुखतं गं," म्हणायच्या.

अशा बाईचंच टपाल फुटावं!

एजे आता एकसष्ट वर्षांच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. राहायला धाकट्या भावाच्या शेजारी. दर मंगळवारी नि शुक्रवारी त्या माझ्या वाचनालयात येत, खिडकीजवळच्या संगणकावर बसत आणि दोन बोटांनी टाइप करत. पत्रं जात डोंगरापलीकडच्या तलासला, तुरदुबेक नावाच्या निवृत्त टपालवाल्याला. बायको वारलेला, घेवड्याचं शेत असलेला भला माणूस. वसंतात त्यानं विचारलं होतं: घेवडा काढायच्या आत सांगाल का, इकडे राहायला याल का?

एजेंनी उत्तर दिलं नव्हतं. त्यांना वेळ हवा होता. भावाच्या घरी कळलं असतं तर त्याच दिवशी मेंढी कापली असती, थोरले जमले असते आणि एजेंचा चहा संपायच्या आत त्यांचं हो किंवा नाही ठरून गेलं असतं.

खातं उघडताना यंत्रानं विचारलं होतं, पासवर्ड विसरलात तर ओळखीसाठी गुप्त प्रश्न कोणता? एजेंनी निवडला: आजोबांचं नाव.

मी कपाळावर हात मारला. "एजे, आपल्याकडे पाच वर्षांचं पोर सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतं! हे कसलं गुपित?"

"पोरं कशाला येतील माझं टपाल उघडायला? येईल ती गुलबार. आणि तिला ते नाव चालत नाही."

गुलबार ही भावाची बायको. आमच्याकडे सून सासरच्या थोरांची नावं घेत नाही. एजेंच्या आजोबांचं नाव कोचकोरबाय, त्यामुळे गुलबारनं तीस वर्षांत बाजाराच्या गावाचंसुद्धा नाव घेतलेलं नाही. कोचकोरला जायचं असलं की गाडीवाल्याला म्हणते, "त्या बाजाराच्या गावाला सोड." म्हणजे कुलूप पक्कं, असा एजेंचा हिशेब.

एका मंगळवारी पासवर्ड लागेना. "म्हातारी झाले," म्हणत एजेंनी आजोबांचं नाव भरलं, नवा पासवर्ड घेतला नि ती गोष्ट विसरूनही गेल्या. शुक्रवारी भावाच्या घरी बायका चहाला जमल्या होत्या, मीही होते. गुलबारनं तळलेल्या बोरसोकांचं ताट पुढे केलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "एजे, यंदा तलासचा घेवडा कसा आहे म्हणे?"

एजेंचा हात ताटावरच थांबला. बायकांना वाटलं, भाव विचारतेय.

अंगणात आल्यावर एजेंनी तिला गाठलं. "म्हणून मंगळवारी पासवर्ड लागेना! तू माझी पत्रं वाचलीस."

"वाचली नाही एजे, नजर पडली."

"आजोबांचं नाव घातल्याशिवाय नजर कशी पडते गं? सासरच्या थोराचं नाव घेतलंस तू!"

गुलबारनं दोन्ही कानांना हात लावले. "देवाशप्पथ, जीभ हलली नाही माझी! ओठ घट्ट मिटून बसले होते. नुसतं बोटानं लिहिलं. लिहिणं म्हणजे काय बोलणं?"

एजेंना हसू आवरेना नि राग तर मावेना. "भावाला सांगितलंस?"

"अजून नाही. रविवारी सांगणार होते, त्यांची दुसरी बहीण येतेय ना."

म्हणजे हातात दोन दिवस. शनिवारी एजे वाचनालय उघडायच्या आधीच दारात उभ्या.

"प्रश्न बदल. दुसरा कोणता आहे?"

"पहिली शाळा कोणती?"

"गावात एकच आहे."

"आवडता पदार्थ?"

"बेशबार्माक. इथे कोणाला दुसरं काही आवडतं?"

"मग खोटं लिहा. आजोबांचं नाव समोवार."

एजे ताठ झाल्या. "यंत्रापुढे का होईना, मी माझ्या आजोबांना चहा उकळायचा समोवार म्हणू? सात पिढ्या उठून बसतील!"

शेवटी प्रश्नच काढून टाकला. आता आत शिरायचं तर त्यांच्या फोनवर आकडे येतात, आणि फोन असतो गळ्यातल्या पिशवीत, अंघोळीलाही खुंटीवर समोर. पासवर्ड लांबलचक हवा म्हटल्यावर त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मी भिंतीवरचा नकाशा चार वेळा वाचला. बाकी सगळ्या यंत्रांवरून खातं बंद करायची कळही दाखवली. ती त्यांनी अशी दाबली की टेबल हललं.

"आता कोणी वाचणार नाही?"

"तुम्ही दाखवल्याशिवाय नाही."

मग त्या तुरदुबेकच्या पत्रासमोर बसल्या. दोन बोटं चालू झाली. मी पुन्हा नकाशाकडे वळले, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

रविवारी गुलबारची ती दुसरी नणंद आली, मांस शिजायला लागलं. गुलबार घसा साफ करतेय तोच एजेंनी कप खाली ठेवला. "पंधरा दिवस तलासला जातेय. घेवडा काढायला. तुरदुबेकनं कायमचं बोलावलंय. शेत, घर आणि माणूस बघून मग ठरवीन."

भाऊ तोंडातला घास चावायचा विसरला.

"आम्हाला आधी नाही सांगितलंत?" गुलबार रडवेली झाली.

"आधी त्याला सांगितलं. विचारलं त्यानं होतं."