बेण्याचा क्लास

हजेरीच्या वहीत मी हजेरी पुढून लिहिते आणि किस्से मागून. यंदा मागची पानं पुढच्या पानांना येऊन भिडली आणि जूनची हजेरी लिहायला जागाच उरली नाही. नवरा म्हणाला, "नवी वही आण." मी म्हटलं, "आणते, पण आधी हे कुणाला तरी सांगून टाकू दे." तर ऐका.

साताऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा क्लास घेते. पाठांतर अजिबात नाही. लॅटिनमधला एक मूळ शब्द घ्यायचा, त्याला पुढून वेगवेगळे उपसर्ग लावायचे आणि इंग्रजीतले आठ-दहा शब्द एका दमात काढायचे, एवढीच माझी रीत.

सर्जेराव हवालदार पहिल्या दिवशी आले ते बुटांना पॉलिश करूनच. फौजेतून पेन्शनवर आलेले, घरचा ऊस, वय पन्नाशीच्या अलीकडे. खुर्चीवर न बसताच म्हणाले, "बाई, खंडाळ्याकडं एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझरची जागा निघनार हाय. इंटरव्ह्यू इंग्रजीत. फौजेतला मानूस दिसला की समदी त्याला गेटवर वॉचमन म्हनून उभा करत्यात. मला गेटच्या आत जायचंय."

हातात चार महिने होते. मी म्हटलं, "बसा."

*

दुसऱ्याच दिवशी मी सांगत होते की लॅटिन शब्द एकच असतो, पण त्यातून कितीतरी शब्द फुटतात. हवालदारांनी हात वर केला. "म्हंजे बेणं. उसाची एक कांडी लावायची, फुटवे मोजत बसायचं."

याहून सोपं मला आजवर सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून फळ्यावर 'रूट' लिहायचं बंद झालं, 'बेणं' सुरू झालं. आता आमच्याकडं बेणं म्हटलं की उसाचं आठवतं तसा इरसाल माणूसही आठवतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

हवालदारांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "उद्यापास्नं रोज बेण्याच्या क्लासला जायाचंय."

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमाला कशाला क्लास? तुमी तयारच हाय की."

*

आमचे दुसरे विद्यार्थी महावीरशेठ. मूळचे सांगलीचे, हळद आणि गुळाच्या पेठेत वाढलेले. लग्न झालं आणि सासऱ्यांचं साताऱ्यातलं दुकान बघायला इकडे आले, ते इकडचेच झाले. परदेशातून हळदीच्या चौकशीच्या मेल येतात आणि त्या पुतण्याकडून वाचून घ्याव्या लागतात, हे त्यांचं दुखणं.

मी फळ्यावर 'पोर्ट' लिहिलं. अर्थ सांगितला, वाहून नेणे. शेठ म्हणाले, "हमाल."

"तसं म्हणा."

मग त्यांनीच सुरुवात केली. एक्स्पोर्ट म्हणजे माल बाहेर नेणारा हमाल. इम्पोर्ट म्हणजे आत आणणारा. ट्रान्सपोर्ट म्हणजे या गावातून त्या गावाला नेणारा. सपोर्ट कुठे बसवावा ते कळेना. मी सांगितलं, 'सब' म्हणजे खाली. शेठ लगेच म्हणाले, "हां, पोत्याला खालनं खांदा देणारा." मार्केट यार्डात बालपण गेलेल्या माणसाला मी काय शिकवणार होते?

शेवटी मी 'इम्पॉर्टंट' लिहिलं आणि म्हटलं, हाही त्याच बेण्याचा. आत आणण्याजोगा, म्हणून महत्त्वाचा.

शेठनी तो शब्द वहीत उतरवला. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी बायकोला फोन लावला. "अगं, ऐक. घरजावई म्हणजे इम्पॉर्टंट माणूस. लॅटिनमध्ये लिहिलंय."

*

वैशाली मेढ्याजवळच्या उपकेंद्रात नर्स आहे. एसटीने येते, वही मांडीवर ठेवून रस्ताभर शब्द फोडत बसते. तिला बढतीची परीक्षा द्यायची होती, पण तिचा खरा पेपर परीक्षेच्या आधीच झाला.

एक पोटुशी बाई उपकेंद्रात आली. कंबर दुखते म्हणून नवऱ्याच्या गोळ्यांचं खोकं पिशवीतून घेऊनच आली होती आणि एक गोळी हातात काढलेली होती. वैशालीने खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद उलगडला. त्यावर एक लांबलचक शब्द होता, कॉन्ट्राइंडिकेटेड, आणि पुढे प्रेग्नन्सी. हा शब्द तिला मी शिकवला नव्हता. तिने तो फोडला. कॉन्ट्रा म्हणजे विरुद्ध. पुढे इंडिकेट, म्हणजे गाडीचा इंडिकेटर, दिशा दाखवणारा. इकडं येऊ नका म्हणून सांगणारा.

तिने गोळी काढून घेतली आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "बरं केलंत. अजिबात देऊ नका."

बाई मात्र रागावली. "आवं ताई, आमच्या मालकास्नी चालतीय की ही गोळी."

वैशाली म्हणाली, "त्यांना म्हणावं गरोदर राहू नका, म्हणजे पुढंही चालेल."

ती हे सांगत होती तेव्हा सगळे हसत होते आणि मला मात्र भरून आलं होतं. तीस वर्षं शिकवलं, पण माझा एक उपसर्ग कुणाच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचल्याचं मला पहिल्यांदाच कळत होतं.

*

मग मी एकदा 'बेने' घेतलं. लॅटिनमध्ये बेने म्हणजे चांगलं. बेनिफिट त्यातलाच. आणि मॅल म्हणजे वाईट.

"मालन्यूट्रिशन, कुपोषण," वैशाली म्हणाली.

महावीरशेठ उठून उभे राहिले. "बाई, माल वाईट कसा? आमच्या दुकानात येऊन बघा."

त्यांची समजूत काढेपर्यंत हवालदार खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होते. बघते तर 'बेने' तीनदा गिरवलेलं.

"काय झालं हवालदार?"

"काय न्हाई बाई. आमची मंडळी गेली चोवीस वर्सं मला बेणं म्हनतीया. मी उगंच राग मानत हुतो."

*

आता चूक सांगते, आणि ती माझीच आहे. इंटरव्ह्यूला दोन आठवडे उरले असताना मी 'इन' घेतला. इन म्हणजे नाही. इनकरेक्ट, बरोबर नाही. इनकम्प्लीट, पुरं नाही. सगळ्यांनी पटापट उदाहरणं दिली. हवालदारांनी वही मिटली आणि दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

मी फोन केला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, "बाई, काय शिकिवलंसा? भिंतीवरली फ्रेम काढून पलंगाखाली टाकलीया. इंटरव्ह्यूला जानार न्हाई म्हनत्यात."

मी म्हटलं, "त्यांना फ्रेमसकट पाठवा."

हवालदार आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम टेबलावर ठेवून त्यांनी वरचा कागद काढला. फौज सोडताना त्यांच्या साहेबांनी दिलेलं सर्टिफिकेट होतं ते. त्यात एक ओळ होती, की यांची सेवा 'इनव्हॅल्युएबल' आहे.

"व्हॅल्यू म्हंजे किंमत, एवढं मला आधीपास्नं ठावं हुतं," ते म्हणाले. "त्या जोरावर भिंतीला लावलं. आल्यागेल्याला दावलं. आन् आता तुमी सांगितलं इन म्हंजे न्हाई. वीस वर्सं बर्फात काढली बाई, आन् साहेबानं लिवलं, किंमत न्हाई."

माणसाला उभं करायला निघाले होते आणि अर्ध्याच धड्याने मी त्याला आडवं केलं होतं.

मी फळ्यावर मराठीत लिहिलं, 'अमूल्य'. म्हटलं, "हवालदार, हा शब्द फोडा."

"अ म्हंजे न्हाई. मूल्य म्हंजे किंमत." ते थांबले. "पर अमूल्य म्हंजे तर..."

"बोला."

"जेची किंमतच करता येत न्हाई, ते."

"तुमच्या साहेबांनी तेच लिहिलंय."

हवालदारांनी फ्रेम उचलली, शर्टाच्या बाहीने काच पुसली आणि पुन्हा एकदा ती ओळ बोटाने वाचली. डोळे भरले होते, पण फौजेतला माणूस, पुसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "दोन दिस मी त्या साहेबाला लय शिव्या घातल्या बाई. आता त्या माघारी कशा घ्यायच्या?"

महावीरशेठ म्हणाले, "राहू द्या. एकदा गेलेला माल परत घेत नाहीत."

*

इंटरव्ह्यू सोमवारी होता. मंगळवारी संध्याकाळी जिन्यात बुटांचा आवाज आला आणि हवालदार दारात दिसले. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, दुसऱ्या हातात लिफाफा. लिफाफ्यात सेफ्टी सुपरवायझरच्या नेमणुकीचं पत्र होतं. मी ते दोनदा मोठ्यांदा वाचलं. वैशालीने टाळ्या वाजवल्या, आणि शेठनी परवानगी न मागताच बॉक्स उघडला.

"आता सांगा," वैशाली म्हणाली, "काय काय विचारलं?"

"तिघं हुती. आगीचं विचारलं, गॅसचं विचारलं, ते जमलं. सर्टिफिकेट वाचलं, मान डोलावली. मग मधला साहेब, आपल्या पोरापेक्षा थोडा मोठा आसंल, फाइल मिटून म्हनला, 'मिस्टर सर्जेराव, यू आर रिटायर्ड. हियर यू मस्ट वॉक द होल फॅक्टरी एव्हरी डे. कॅन यू?'"

"मग तुम्ही?"

हवालदार टाचा जुळवून ताठ उभे राहिले, छाती पुढे काढली, आणि जणू तो साहेब अजून समोरच बसलाय अशा आवाजात म्हणाले, "सर, री मीन्स अगेन. आय ॲम नॉट टायर्ड फर्स्ट टाइम ऑल्सो."