जकातीच्या ॲपवरचा चेहरा

आमच्या शेजारच्या, विड्याच्या पानांच्या भाईंइतका दरिद्री माणूस अख्ख्या कुंभकोणमात नाही, अशी एका रमजानात परदेशी गेलेल्या निम्म्या गावाची खात्री पटली होती. खरं तर भाईंचं दुकान उत्तम चालायचं. दुपारी ओल्या पानांच्या गारव्यात ते डोळे अर्धवट मिटून असे बसत, की गिऱ्हाइकंच पानं निवडून पैसे गल्ल्यात टाकून जात. मी हाक मारली तर फार लांबून परतल्यासारखे म्हणत, "आलात, रायर? बरं झालं." आम्हा इथल्या मराठी घरांना गाव रायरच म्हणतं. सायकलवरही त्यांची तीच तंद्री. स्वामीमलैला निघालेले भाई एकदा पट्टीश्वरमच्या शेतांत पोचले आणि "वारा छान आहे" म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच बसले.

अशा माणसावर मशिदीच्या जमातीने, म्हणजे तिथल्या कारभारी मंडळाने, जकातीचं, म्हणजे रमजानात गरिबांना द्यायच्या दानाचं, नवं ॲप सोपवलं. भाईंनी गरजूंच्या घरी जाऊन माहिती आणि फोटो ॲपवर चढवायचे, ते पाहून दुबई-सिंगापूरच्या मंडळींनी जकात पाठवायची. पहिल्याच दिवशी तिरुनागेश्वरमची एक विधवा अडली. मुलीच्या ऑपरेशनसाठी मदत हवी होती, पण फोटो म्हणताच तिने पदर तोंडावर ओढला. भाईंनी मुकाट्याने फोन खिशात घातला. ॲप मात्र चेहऱ्याशिवाय अर्ज घेईना. घरी येऊन भाईंनी स्वतःचाच फोटो चढवला. तो चालला म्हटल्यावर पुढच्या प्रत्येक अर्जावर भाईच! कधी टोपीत, कधी चष्म्यात, एकदा तर बायकोची शाल पांघरून.

चार दिवसांनी दुबईहून भाचा फोनवर रडू लागला, "मामा, एवढे हाल झाले आणि मला कळवलंही नाहीत?"

जमातीने त्यांना बोलावलं. वाटेत भरकटू नयेत म्हणून मी सोबत गेलो. अध्यक्ष संतापले होते. "भाई, ही फसवणूक आहे. सगळे अर्ज रद्द करावे लागतील."

भाई त्या दिवशी मला पहिल्यांदाच पूर्ण जागे दिसले. "नाव खरं, आजार खरा, डॉक्टरांचा कागद खरा. चेहरा तेवढा माझा. मागायची लाज कुणाला तरी वाटणारच ना? मग मला वाटू दे."

अध्यक्षांनी डॉक्टरांचे कागद एकेक करून चाळले. मग म्हणाले, "फोटो काढून टाका. देणाऱ्यांना खरं काय ते मी सांगतो. उद्या तुमच्याबरोबर प्रत्येक दारी मीही येतो."

मुलीचं ऑपरेशन झालं.

परवा भाईंबरोबर बाजारातून जाताना एक बाई मुलीचा हात धरून समोरून आली. क्षणभर थबकली आणि गर्दीत मिसळली.

"तीच का हो?" मी विचारलं.

भाई ढगांकडे बघत होते. "कोण?" म्हणाले.

त्यांना खरंच आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, कळलं नाही. पुन्हा विचारवलंही नाही.