माहेरच्या आखाड्यात

आम्ही कुंभारीहून निघालो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मैंदर्गी अक्कलकोटच्या पुढं. आमच्या फाट्यावर उभं राहून हात केला तरी त्या बाजूची गाडी मिळते. पण रेणू म्हणाली, आपण उलटं सोलापुरात जाऊ आणि स्टँडवरून बसू. तिथं बसायला जागा मिळते आणि पाय लांब करता येतो. तिचा उजवा गुडघा फार वेळ दुमडून ठेवला की आखडतो.

रेणू माझी मुलगी, चोवीस वर्षांची. ती कुस्ती खेळते. कुठल्या संघात नाही, नोकरीत नाही. ज्या गावाची जत्रा असेल त्या गावाचा निरोप येतो, ही पिशवी भरते आणि जाते. नऊ वर्षं असंच चाललं आहे. एवढ्या वर्षांत मी तिची एकही कुस्ती पाहिली नव्हती. मी घरात बसून विड्या वळते. चार माणसं दिसली की माझे शब्द घशातच राहतात, आणि आखाड्यात तर हजार माणसं असतात. या वेळी गेले, कारण कुस्ती मैंदर्गीला होती आणि मैंदर्गी माझं माहेर.

सोलापुरात आधी नवी पेठेत गेलो. दुकानांची शटरं नुकतीच वर जात होती, कापडवाले बाहेर साड्या टांगत होते. रेणूला गुडघ्याला चढवायची पट्टी हवी होती. दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "आजींच्या मापाची देऊ का?"

"व्हय, आजीच्याच मापाची द्या," रेणू म्हणाली. "आजी आज संध्याकाळी कुस्ती खेळणार हाय."

तो हसला. मग त्याचं लक्ष तिच्या कानांकडे गेलं आणि हसायचा थांबला. कुस्तीत घासून घासून पैलवानांचे कान सुजतात, आणि सूज तशीच कडक होऊन बसते. रेणूचे दोन्ही कान तसे आहेत. दोन वर्षांपूर्वी एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने चहा घेतला, पोहे खाल्ले, आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरीला ऐकू येतंय न्हवं?" तेव्हापासून रेणू कुणी बघायला येणार असलं की केस मुद्दाम घट्ट मागे बांधते. आधी कान बघून घ्या, म्हणते.

स्टँडवर तिचे वस्ताद (कुस्ती शिकवणारे) आमची वाट बघत होते. साठीचे आहेत, कमी बोलतात. त्यांची तालीम आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून आहे. रेणू पाचवीत असताना तिथे दारात जाऊन उभी राहायची. वस्ताद म्हणायचे, "घरी जा, हितं पोरींचं काम न्हाय." ती जायची नाही. महिनाभर उभी राहिली, तेव्हा त्यांनी एक दिवस फावडं हातात दिलं आणि माती उकरायला लावली. विड्या वळताना मला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज दिवसभर ऐकू यायचा, "बिड, पोरी, बिड!" भिड म्हणायचं असतं त्यांना. पण आमच्याकडे तुम्हीचं तुमी होतं, तसं भिडचं बिड होतं.

गाडी सुटली. रेणूने पाय समोरच्या बाकाखाली लांब केला. बाहेर ज्वारी काढून झाली होती, कडब्याच्या गंजी उभ्या होत्या, बाकी सगळं रान उघडं. वारा गरम होता. वस्ताद मागच्या बाकावरून पुढे वाकून म्हणाले, "शिवलीलाच्या वस्तादाशी बोलणं झालंय. पंधरा-वीस मिनिटं खेळायचं आन बरोबरीत सोडवायची. पायाला कुणी हात लावायचा न्हाय."

शिवलीला म्हणजे जिच्याशी कुस्ती होती ती मुलगी. पलीकडच्या कर्नाटकातल्या गावची. या दोघींची जोड बऱ्याच जत्रांत लागलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी एकमेकींचे फोटो मोबाइलवर ठेवतात.

रेणू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आईच्या गावात बरोबरी?"

"गुडघा ऱ्हायला तर पुढं शंभर गावं हायत की."

डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं, हा गुडघा आणखी एकदा पिरगळला तर आखाडा बंद. मी तेव्हापासून रोज रात्री तिच्या गुडघ्याला तेल लावते. तो भाग मला माझ्या हातापेक्षा जास्त ओळखीचा आहे.

दुपारी मैंदर्गीत पोचलो. माझ्या भावाचं घर वेशीच्या आत आहे. वहिनींनी हुग्गी (गव्हाची गुळातली खीर) केली होती, कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वांग्याची भाजी. रेणूने हुग्गीला हात लावला नाही, कुस्तीआधी ती जड खात नाही. वहिनी माझ्याशी कानडीत बोलत होत्या. मैंदर्गीत आमच्या घरी कानडीच. मी शाळेची चार बुकं मराठीत शिकले तेवढीच. रेणू पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसली होती.

"काय बोलता गं तुमी? मला एक सबूद कळंना."

"तुझ्याबद्दलच बोलतोय," भाऊ मराठीत म्हणाला. "तुझ्या आईनं तुला शिकवलं का न्हाय?"

मी खाली बघितलं. लग्न होऊन गेले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "ही कानडी बोलाया लागली की डब्यात खडे वाजतात." सगळे हसायचे. पुढे रेणू झाली. मी तिला मराठीतच झोपवलं, मराठीतच रागावले. कानडी मी देवाजवळ बोलायची, मनात.

चार वाजता आखाड्याकडे गेलो. गावाबाहेर ओढ्याकडेच्या पडीक जागेत मोठा खड्डा काढून तांबडी माती भरलेली. तिच्यावर ताक, तेल, हळद शिंपडलेली, त्याचा वास येत होता. भोवती माणसंच माणसं. पोरं लिंबाच्या झाडावर, म्हातारे पुढे घोंगड्या टाकून. हलगी सुरू होती. बायका लांब एका ट्रॉलीत बसल्या होत्या, पण माझा भाऊ म्हणाला, ही पैलवानाची आई आहे, आणि मला पुढच्या ओळीत एका खुर्चीवर बसवलं. आखाड्याची कड माझ्या पायापासून दोन हातांवर होती. मी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "तुमचीच का लेक?"

मी मान हलवली.

"लई धाडस हाय बगा. आमच्या येळंला बाया आखाड्याची माती ओलांडत न्हवत्या."

रेणू आणि शिवलीला आत आल्या. शिवलीला बुटकी, रुंद खांद्यांची. दोघींनी मातीला हात लावून कपाळाला लावला. रेणूने गर्दीत मला शोधलं आणि डोळा मारला. तिला इतकं खुशीत मी घरी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, ही नऊ वर्षं अशीच दिसत असेल आणि मी भिंतीच्या अलीकडे विड्या वळत बसले होते.

तेवढ्यात कमिटीतला एक माणूस माईकवर बोलला, "मंडळी, ही कुस्ती आपल्या गावच्या भाचीची हाय. ही बरोबरीत सुटणार न्हाय. ही कुस्ती निकाली (हार-जीत होईपर्यंत) होनार!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. वस्ताद उठून त्याच्याकडे गेले, हातवारे करून काही सांगत राहिले. त्यांचं कुणी ऐकलं नाही. रेणूने वस्तादांकडे बघून हाताने नको म्हणून खूण केली. असू दे, म्हणत होती. मामाच्या गावात तिला निकालच हवा होता.

सुरुवातीची दहा मिनिटं दोघी मानेला मान लावून ढकलत होत्या. शिवलीलाने शब्द पाळला, पायाकडे गेली नाही. लोक ओरडू लागले. "फुगडी खेळता का काय!" कुणीतरी म्हणालं, "हळदीकुंकवाला बोलवा यांना!" हसू उसळलं. शिवलीलाचा चेहरा बदलला. तिच्या वस्तादानेही काहीतरी खडसावलं असावं. ती एकदम खाली बसली आणि तिने रेणूचा पाय मांडीपासून कवेत घेतला. उजवा पाय.

रेणू एका पायावर नाचत राहिली. मला फक्त तिचा गुडघा दिसत होता, नवी पेठेतली ती निळी पट्टी चढवलेला. तो हळूहळू वळत होता. मी उभी राहिले. पदर कधी पडला मला कळलं नाही. मी ओरडले. पन्नास वर्षांत मी कधी तशी ओरडले नव्हते.

"बिड! बिड! बिड!"

आमच्या कानडीत बिड म्हणजे सोड. मी शिवलीलाला सांगत होते. तिला कळावं म्हणून तिच्या भाषेत, आणि खरं तर त्या क्षणी मला दुसरी भाषा आठवतच नव्हती.

शिवलीलाने चमकून माझ्याकडे बघितलं आणि हात सैल केले. तिने सोडला पाय. आणि त्याच क्षणाला रेणूने माझा आवाज ऐकला. आईचा आवाज, भर आखाड्यात, वस्तादांचा शब्द घेऊन आलेला. पाय मातीला टेकला न टेकला तोच तिने सगळं अंग त्याच पायावर टाकलं आणि भिडली. वाळलेली तुरीची काटकी मोडावी तसा आवाज आला. तो मला हलगीतूनही ऐकू आला.

दोघींनी माझं ऐकलं होतं.

हलगी थांबली. रेणू मातीत आडवी पडली होती आणि ओरडत नव्हती, नुसती माती मुठीत धरत होती. कमिटीचा माणूस शिवलीलाला फेटा बांधायला आला. तिने त्याचा हात बाजूला सारला आणि रेणूचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी आखाड्यात उतरले. चप्पल काढायचीही राहिली.

शिवलीला रडत माझ्याकडे बघून म्हणाली, "अव्वा, नीवु बिड अंद्री. नानु बिट्टे."

(आई, तुम्ही सोड म्हणालात. मी सोडलं.)

रेणूने दात आवळून विचारलं, "काय म्हणती ती?"

मी म्हणाले, "लवकर बरी हो म्हणती."

कमिटीने जीप दिली. मागच्या बाकावर रेणूचा पाय माझ्या मांडीवर आणि शेजारी वहिनींनी दिलेली हुग्गीची कॅन. वाटेत कुठेतरी तिचं झाकण निघालं आणि सगळी खीर सीटवर सांडली. गाडीभर गुळाचा वास. रेणू त्या कळांतही हसली. "आई, तुझ्या माहेरानं ओटी भरली बग." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू वरडलीस की गं. मला वाटलं मला भास झाला. तू बिड म्हणालीस, आन अंगात काय आलं काय की."

मी पुसत राहिले.

सोलापुरात दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला आणि आखाड्याचं नाव पुन्हा काढायचं नाही म्हणाले. रेणू छताकडे बघत होती. वस्ताद बाहेर पायरीवर बसले होते. मला म्हणाले, "रेणूच्या आई, वाईट वाटून घेऊ नका. तुमी वरडला ते योग्यच वरडला. मीबी तेच म्हनलो असतो." मला त्यांना सांगता आलं नाही.

आता पंधरा दिवस झाले. भिंतीपलीकडे तालीम चालू असते. वस्ताद आता हळू आवाजात शिकवतात, पण तो शब्द येतोच. रेणू पाय उशीवर ठेवून पडलेली असते. शिवलीलाचा फोन येतो. दोघी एकमेकींची नावं घेतात, हसतात, आणि मग बोलायला काही नसतं म्हणून फोन तसाच कानाला धरून बसतात.

काल रेणू म्हणाली, "आई, मला कानडी शिकव. तिच्याशी बोलता तरी यील."

मी विड्या वळता वळता सांगत गेले. बा म्हणजे ये. होगु म्हणजे जा. नीरु म्हणजे पाणी. ती प्रत्येक शब्द दोनदा म्हणून बघत होती. उच्चार चुकला की स्वतःच हसत होती.

"'पकड'ला काय म्हणतात?"

"हिडी."

"आन 'सोड'ला?"

माझ्या हातातलं पान फाटलं. आजपर्यंत या मुलीने माझा एकच कानडी शब्द मनावर घेतला होता, आणि तो तिला म्हटलेला नव्हता. मैंदर्गीहून निघाल्यापासून हे ओझं मी आणलं होतं आणि कुठे उतरवावं ते कळत नव्हतं.

"बिड," मी म्हणाले.

तिने तो शब्द एकदा म्हणून बघितला. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी आपटलं, माती दणकली. तिने माझ्या हातातल्या फाटलेल्या पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मग तिने तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि दोन्ही हातांनी उचलून तो पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"हळू लाव," म्हणाली. "आज लई दुखतंय."