बसच्या रांगेतली टाचणी

भांडण पँटवरून चाललं होतं आणि चांगलं रंगात आलं होतं.

"घालून बघा म्हटलं होतं की नाही मी?"

"बघितली ना घालून! आत बरोबर होती."

"आत बरोबर आणि बाहेर वीतभर लांब? मॉलपासून बसस्टॉपपर्यंत येताना वाढली का पँट?"

"वाढली असेल. हवा लागली असेल तिला."

"चला मागे. बदलून आणू."

"बस येतेय."

"बस रोज येते. ते लोक रोज बदलून देत नाहीत!"

रस्त्याकडेच्या शिवणाच्या दुकानात एक बाई मशीनपुढे हात बांधून बसल्या होत्या. बसस्टॉप त्यांच्या खिडकीपासून चार पावलांवर, त्यामुळे ऐकायला कान द्यावे लागत नसत, उलट मिटता आले असते तर बरं झालं असतं. हातात काम नव्हतं. त्या दिवशी नव्हतं, त्या महिन्यातही नव्हतं. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो, ते जरा इकडे आणा. पुढची बस येईपर्यंत आखूड करून देते."

"काय, भांडण?" नवरा म्हणाला.

"आधी पँट. भांडण तुमचं तुम्ही बघा."

पँट वेळेत झाली, भांडण तेवढं बसमध्ये चढून पुढे गेलं. ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवसापासून बाईंचा धंदा बदलला आणि नावही बदललं. पँटची उंची कमी करून देणाऱ्या म्हणून लोक त्यांना उंचीवाल्या मावशी म्हणायला लागले. मावशी स्वतः पाच फुटांना दोन बोटं कमीच. नवीन गिऱ्हाईक दुकानात डोकावून "उंचीवाल्या मावशी कुठायत?" असं विचारायचं, तेव्हा त्या मशीनमागून म्हणायच्या, "इथंच आहे, जरा खाली बघा."

दुकान मूळ नवऱ्याचं. तो शिंपी, आणि या काजं-बटणं करणाऱ्या. तो गेला तेव्हा मुलाचं शिक्षण अर्ध्यावर होतं, म्हणून कात्री यांनी हातात घेतली. मुलाचं शिक्षण झालं, नोकरी लागली, तो दुसऱ्या शहरात गेला, तिथंच संसार मांडला. मागोमाग पुढच्या चौकात मॉल आला. कापड आणा, माप द्या, मग दोन हेलपाटे घाला, एवढी सवड कुणाला? लोक तयार कपडे घ्यायला लागले, आणि दुकानात माशा मारायचीही सोय राहिली नाही, कारण माशाही मॉलकडे गेल्या असाव्यात. त्या दिवशी ते नवराबायको भांडले नसते तर मावशींनी दुकानाला कुलूप घातलं असतं.

भांडणातून त्यांना एक गोष्ट कळली. मॉलमधली पँट कुणालाच बरोबर होत नाही.

"ज्याच्या मापाने ते शिवतात ना," त्या सांगायच्या, "तो माणूस आहे तरी कुठं? एकदा बघायचाय मला. दारातून वाकून आत येत असेल."

मॉलबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती ऐकायला विचारावं लागत नसे. मॉलमधला आरसा जरा मागे कललेला असतो, त्यात माणूस आहे त्याहून उंच दिसतो, आणि खरं काय ते बसची पायरी चढताना पँट पायात आल्यावर कळतं. आत घड्याळ कुठंच नसतं. फरशी इतकी चकचकीत की आपल्या चपलेचा झिजलेला तळ आपल्यालाच दिसेल की काय अशी भीती. बसायला बाक नाही, कारण बसलेला माणूस खरेदी करत नाही.

पण कुणी मॉलला सरसकट नावं ठेवली तर मात्र मावशी उलटायच्या.

"संडास बघितलाय का तिथला? स्वच्छ, चोवीस तास पाणी, कुणी काही विचारत नाही. तीस वर्षं मी या दुकानात बसले. दुपारी पाणी प्यायचं नाही, कारण जायचं कुठं? तुम्हा पुरुषांना काय कळणार! त्या मॉलने मला पोटभर पाणी प्यायला लावलं. त्याबद्दल मी त्याचे सगळे आरसे माफ केले."

बसबद्दलचं मत याहून वेगळं होतं. सगळ्या शहराला बस वेळेवर हवी होती, मावशींना ती उशिरा. बस लवकर आली की अर्धी तुरपाई झालेली पँट हातातून ओढून गिऱ्हाईक पळायचं. त्यांच्या दुकानात मिनिटं नव्हतीच. साधी पँट म्हणजे एक बस. अस्तरवाली म्हणजे दोन. चेन बदलायची असली तर "डब्बल बस लागेल, नाहीतर उद्या या."

अशी बरीच वर्षं गेली, आणि एका सकाळी दोन माणसं आली आणि स्टॉपचा खांब उपटून घेऊन गेली.

"अहो, अहो! कुठं चाललात त्याला घेऊन?"

"मॉलच्या गेटला. वरून ऑर्डर आहे."

"आणि माझं काय?"

"तुमचं आमच्या कागदात नाही, मावशी."

खांब गेला आणि गिऱ्हाईकही गेलं. बस खिडकीवरून जायची पण थांबायची नाही. नव्या बसला तर आवाजही नव्हता, मांजरीसारखी निघून जायची. पहिल्या आठवड्यात दोन जुनी गिऱ्हाइकं चालत आली. दुसऱ्या आठवड्यात एक, तेही पत्ता विचारायला.

मुलाला फोनवर हे कळलं. तो वाईट नव्हता, पण त्याने निर्णय आधीच घेऊन ठेवलेला होता. "आई, पोरांच्या परीक्षा झाल्या की मी टेम्पो घेऊन येतो. मशीन विकून टाकू. सामान आणि तू इकडे. आता आराम कर."

"आराम म्हणजे काय करायचं असतं रे?"

"काही करायचं नसतं, आई."

"ते मला जमत नाही. मी करून बघितलंय."

"दुकान चालतंय का? खरं सांग."

मावशींनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. खोटं बोलायचं तर आधी तयारी लागते. परीक्षांना तीन महिने होते. तेवढ्यात दुकान चाललं तर चाललं, नाहीतर मुलाच्या घरातल्या सोफ्यावर बसून दुसऱ्यांनी लावलेला टीव्ही बघायचा. त्या सोफ्याचा विचार आला की त्या उठून मशीनला तेल घालायच्या.

एका संध्याकाळी त्या मॉलमध्ये गेल्या, ज्या कामाला नेहमी जायच्या त्याच कामाला. बाहेर आल्या तेव्हा गेटपाशी बसला ही रांग लागलेली. सगळी मॉलमधलीच माणसं, पाळी संपवून घरी निघालेली. चालून गुडघे दुखत होते म्हणून मावशी कठड्याला टेकल्या आणि सवयीने त्यांची नजर लोकांच्या पायांकडे गेली.

आणि तिथंच थांबली.

पुढे बुटांच्या दुकानातली मुलगी उभी होती, काळी युनिफॉर्मची पँट, आणि खालची दुमड स्टेपलरच्या पिनांनी मारलेली. तिच्या मागचा पोरगा, त्याला चिकटपट्टी. त्याच्या मागे एक बाई, तिने तर पँट गुंडाळून मोज्यात खोचलेली. रांगभर तेच. दिवसभर दुसऱ्यांना मापाचे कपडे दाखवणारी ही माणसं, आणि यांना मात्र एकाच मापाचा युनिफॉर्म वाटून टाकलेला.

"काय गं हे?" मावशींनी बुटांच्या दुकानातल्या मुलीला विचारलं. "कागद आहेस का तू, स्टेपल करायला?"

मुलगी लाजली. "शिवून कधी घेणार, मावशी? सकाळी यायचं, रात्र पडल्यावर जायचं. रविवारी तर दुप्पट गर्दी."

"पण इथं रोज उभी असतेस ना?"

"अर्धा अर्धा तास."

मावशींनी मनात हिशेब केला, तोही बसचाच. शहरातला माणूस दिवसभर पळतो, वाकतो, बसतो, पण सरळ, दोन्ही पायांवर, हलल्याशिवाय उभा राहतो तो बसच्या रांगेत. पँटची उंची घ्यायला तसाच माणूस लागतो.

दुसऱ्या दिवशी टाचण्यांची डबी, खडू, टेप आणि एक पिशवी घेऊन त्या हजर झाल्या. चालणं जमत नव्हतं म्हणून दुकानामागच्या शाळेच्या स्टॉपवरून एकच स्टॉप बसने. कंडक्टर म्हणाला, "एवढ्यासाठी बस?" मावशी म्हणाल्या, "पास माझा, गुडघे माझे."

पद्धत सोपी होती. प्रत्येकाकडे युनिफॉर्मचे दोन जोड. एक अंगात, त्यावर टाचण्या लावून माप घ्यायचं आणि बस यायच्या आत टाचण्या काढायच्या. दुसरा पिशवीत घालून न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच बसच्या वेळी तयार आणून द्यायचा. मग अंगातला न्यायचा. टाचण्या लावायला मावशी खाली वाकायच्या तेव्हा रांग आपोआप थोडी थांबायची.

गेटवरच्या गार्डला ते पटलं नाही. तो नियमाचा पक्का.

"मावशी, इथं धंदा करता येत नाही."

"धंदा कुठे? मी बसची वाट बघतेय."

"आत्ता तीन बस गेल्या. तुम्ही चढला नाहीत."

"माझी नव्हती त्यातली."

"तुमची कुठली?"

"जिच्यात माझं गिऱ्हाईक नाही, ती."

रांग हसली. गार्डने डोळे वटारले, टोपी सारखी केली, विचार केला. "रांगेत असाल तर प्रवासी. रांगेबाहेर असाल तर धंदा. रांग सोडू नका."

मावशींनी रांग सोडली नाही. पुढे पोचल्या की शेवटाला जाऊन पुन्हा उभ्या राहायच्या. एका संध्याकाळी रांगेचं शेवटचं टोक त्यांनी चार वेळा पाहिलं.

पण टाचण्यांचा घोळ एक दिवस व्हायचाच होता. बुटांच्या दुकानातल्या मुलीच्या उजव्या पायाला टाचण्या लावून झाल्या, डाव्याला अर्ध्या, आणि बस आली. मांजरीसारखी, आवाज न करता. "अगं थांब, टाचण्या!" मावशी ओरडल्या, पण दार मिटलं होतं. मुलगी काचेतून हात हलवत होती, कदाचित मदतीसाठी, कदाचित टाटा.

मावशींना जेवण गेलं नाही. पोर बसमध्ये कुणाला टोचणार, तिला टोचणार, रक्त येणार, लोक म्हणणार म्हातारी डोळ्यांनी अधू झाली. मुलाचा टेम्पो त्यांना समोर दिसायला लागला. सकाळी मॉल उघडताच त्या बुटांच्या दुकानात. आयुष्यात पहिल्यांदा त्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर गेल्या, सरकत्या जिन्यावर दोन्ही हातांनी कठडा धरून.

"टोचलं का गं कुठं?"

"छे! मावशी, बघा ना." मुलीने पाय पुढे केला. दुसऱ्या जोडावर तिने स्वतःच तशाच टाचण्या लावल्या होत्या, दुमडीच्या आतून, टोकं वरच्या बाजूला, कुठंच दिसत नव्हत्या. "तुम्ही लावल्या तशा बघून बघून लावल्या. स्टेपलपेक्षा भारी. सुपरवायझर बाईंनी विचारलं कुणी केलं."

सुपरवायझर बाई मागेच उभ्या होत्या, चाळिशीच्या, घाईतल्या. "तुम्हीच का त्या?" त्यांनी खाली पाहिलं आणि मावशींनी नेहमीचं वाक्य म्हणायचं टाळलं. "माझ्या मजल्यावर बासष्ट माणसं आहेत. वरून तपासणीला आलेले साहेब म्हणतात, स्टाफ गबाळा दिसतो. सगळे युनिफॉर्म पाठवले तर कराल?"

"बासष्ट दुणे एकशे चोवीस पँटी," मावशी म्हणाल्या. चौथीपर्यंतच शिकल्या होत्या, पण दोनचा पाढा पक्का होता. "कधीपर्यंत?"

"कधीपर्यंत जमेल?"

"रोज एका पिशवीइतकं. मी बसने येते-जाते."

"आणि नवीन माणसं लागत असतात हो, दर महिन्याला. त्यांचंही."

मावशी जिन्यावरून उतरल्या तेव्हा त्यांनी एकाच हाताने कठडा धरला होता.

परीक्षा संपल्या आणि मुलगा ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आला. दुकानाच्या दारात उभा राहिला तो उभाच. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दोरीवर, खिळ्यांवर, नवऱ्याच्या जुन्या लाकडी कपाटाच्या दारांवर, सगळीकडे काळ्या पँटी, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. स्टूलवर बुटांच्या दुकानातली मुलगी. तिला सुट्टी होती आणि तुरपाई शिकायची होती.

"आई, हे काय?"

"बसायला जागा नाही, उभा राहा. नाहीतर असं कर, त्या ढिगातल्या स्टेपलच्या पिना उचकट. हळू, कापड फाडू नकोस."

मुलगा पिना उचकटायला बसला, जमिनीवर, अंगातल्या चांगल्या पँटनिशी. अर्ध्या तासाने म्हणाला, "मग टेम्पोचं काय करू? भाडं देऊन आणलाय."

"ते कपाट घेऊन जा. तुझ्या बायकोचा डोळा होता त्याच्यावर लग्नापासून. मला इथं दांडी लावायला जागा होईल."

"म्हणजे तू येत नाहीस."

"येईन की. चार दिवस. सोफ्यावर बसेन. नातवंडांच्या पँटी आण पुढच्या वेळी, बघते कशा झाल्यात."

 मुलाने पिनांनी भरलेली वाटी तिच्यापुढे सरकवली. "बोटं सोलली गं माझी."

"माझी तीस वर्षं सोलतायत. चहा घे."

कपाट टेम्पोत चढलं. संध्याकाळ झाली तशी मावशींनी दिवसाची शेवटची पिशवी भरली, घड्या मोजून.

"आणतो गाडी, सोडतो," मुलगा म्हणाला.

"नको. गाडी थेट गेटपाशी नेशील, तो गार्ड मला प्रवासी मानायचा नाही."

नेहमीसारख्या त्या शाळेच्या स्टॉपवर गेल्या, पास दाखवला, एक स्टॉप उभ्याने गेल्या, कारण बसलं की उठायला वेळ लागतो. मॉलच्या गेटला उतरल्या, रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या, एकेक पँट ज्याची त्याला दिली. उरलं एक पुडकं. ते बसच्या ड्रायव्हरचं. त्याच्या शर्टाचं मधलं बटण आठवड्यात दोनदा तुटलं होतं.

मावशींनी ते ड्रायव्हरच्या खिडकीतून आत दिलं.

"दुहेरी दोऱ्याने लावलंय," त्या म्हणाल्या. "आता तुटलं तर बटणाची चूक नाही. पोट कमी करा."

ड्रायव्हर हसला, दार मिटलं, आणि मावशी परतीच्या बसकडे वळल्या.