साळिंदराला दोन मावशी

शाळेच्या जिन्याखाली एक खोली होती. तिला खोली म्हणायचं ते दार आणि कुलूप होतं म्हणून. चार फूट लांब, चार फूट रुंद, आणि डोक्यावरून जिना उतरत आल्यामुळे छत असं तिरकं की दारापाशी कसंबसं उभं राहता येई, आत सरकलं की मान तुकवावी लागे. तिथे दोन बादल्या, फरशी पुसायची फडकी, फिनेलचे डबे, एक स्टूल आणि मधल्या सुट्टीत त्या स्टुलावर मावशी. तास वाजवणारी, वर्ग झाडणारी, एकोणीस वर्षं तिथेच डबा खाणारी. किल्ली कायम कमरेला.

घरी मुलगा, सून, दोन नातवंडं आणि दोनच खोल्या. तिथे मावशीची जागा म्हणजे अंथरूण पडेल तेवढी, तीही रोज बदलणारी. तेव्हा या जगात तिचं म्हणून काही होतं तर ते जिन्याखाली होतं.

मावशी संशयी होती हे मात्र खरं. ऑफिसातला कारकून तिला शंकासूर म्हणायचा. कोणी चहा पुढे केला तरी कप घेण्याआधी ती विचारायची, "का?" पण दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. नवरा गेला त्याच वर्षी धाकटा दीर टेप घेऊन घरी आला होता. "नुसतं मापून ठेवतो, वहिनी," म्हणाला. हिने त्याला वर चहा करून दिला. दोन महिन्यांनी ही आणि कडेवरचा मुलगा घराबाहेर, आणि दीर आत. तेव्हापासून मावशीच्या मनात पक्कं बसलं होतं की टेप घेऊन आलेला माणूस नुसतं मापून जात नसतो.

त्या सोमवारी विज्ञानाच्या बाईंनी सातवीच्या वर्गाचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक प्राणिसंग्रहालय काढायला सांगितलं, मनातलं. कुठला प्राणी कुठे, त्याला जागा किती, सावली किती, सगळं ठरवायचं. शनिवारी हॉलमध्ये मांडायचं. शिवाय बाई म्हणाल्या, "फूट-मीटर तुमच्या डोक्यात शिरत नाहीत. आपापलं एक माप ठरवा, अंगाने कळेल असं." दाराशी झाडू घेऊन उभ्या मावशीने हे ऐकलं आणि नसलेल्या प्राण्यांच्या नसलेल्या पिंजऱ्यांवर आठवडा घालवणाऱ्यांची मनोमन कीव केली.

मंगळवारी मधल्या सुट्टीत चष्मेवाली एक मुलगी चौघांना घेऊन जिन्याखाली आली. हातात टेप.

"मावशी, तुमची खोली मापू का?"

"का?"

"झूसाठी."

"माझ्या खोलीत काय वाघ ठेवणार?"

"नाही हो. नुसतं मापून घेतो."

नुसतं. मावशीचा हातातला घास हातातच राहिला. पण नाही म्हणायची सोय नव्हती, बाईंची चिठ्ठी होती. मग तिने ठरवलं की आपला हक्क आत्ताच नोंदवून ठेवावा.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "मी इथे जेवते, इथे बसते, इथे पाय पसरून झोपते. एकोणीस वर्षांची वहिवाट आहे माझी."

पाय पसरून ही थाप होती. पण चष्मेवाली भारी चोख निघाली. बादल्या बाहेर काढून ती सरळ फरशीवर आडवी झाली. डोकं मागच्या भिंतीला टेकलं आणि पाय दारातून बाहेर आले. उठून तिने वहीत काहीतरी लिहिलं. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मावशीने टिपलं, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

बुधवारी ती सातवीच्या वर्गाबाहेरचा व्हरांडा पुसत होती. आतून चष्मेवालीचा आवाज आला, "मावशी जास्त होतायत. एवढ्या बसणार नाहीत."

"मग चार काढून टाक," दुसरं कोणी म्हणालं. "नाही कळणार कोणाला."

मावशीने फडकं बादलीत टाकलं. शाळेत मावश्या होत्या तीन. तिनातून चार काढायच्या म्हणजे काय करायचं, हे विचारायला ती थांबली नाही. सुतावरून स्वर्ग गाठायला तिला शिडी लागत नसे. पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेत सफाईचं कंत्राट दिलं होतं, तिथल्या बायका एका सोमवारी आल्या तर खोलीला दुसऱ्याचं कुलूप. आता ते लोण इथे आलं होतं, आणि खबर काढायला पोरं पुढे केली होती. मोठ्या माणसांची जुनी रीत आहे ही.

गुरुवारी ती मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता.

"माझी खोली घेताय का?"

मोठ्या बाई गोंधळल्या. "कोण म्हणालं? अहो, ती खोली कोण घेणार? मी असेपर्यंत तुमचीच आहे."

मी असेपर्यंत. म्हणजे कधीपर्यंत? बाहेर येऊन मावशीने बाईंच्या निवृत्तीला उरलेली वर्षं बोटांवर मोजली. शुक्रवारी तिने दाराला दुसरं कुलूप लावलं.

शनिवारी हॉल तिनेच उघडला. पालक, शिक्षक येऊन गेले, मोठ्या बाई फेरी मारून ऑफिसात परतल्या, आणि पांगापांग झाल्यावर मावशी झाडू घेऊन आत शिरली. चष्मेवालीच्या गटाचं काम कोपऱ्यात होतं. पुठ्ठ्याच्या टेकड्या, निळ्या कागदाचं तळं, काड्यांची झाडं. मागे भिंतीवर तक्ता. मावशी अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचत असे, तसंच तिने वाचलं.

आमचं माप: एक मावशी, म्हणजे जिन्याखालची खोली. शाळेतली सगळ्यात लहान जागा.

वाघाला तीनशे मावशी. अस्वलाला दोनशे साठ, त्यातल्या चार खोडून दोनशे छप्पन्न. साळिंदराला दोन मावशी, खिडकीसह.

तिला हसू येणार होतं. तेवढ्यात बोट खालच्या लाल ओळीवर गेलं.

नियम: एक मावशी एवढ्या जागेत कोणताही प्राणी ठेवू नये. पाय पसरता येत नाहीत, उजेड नाही, ताठ उभं राहता येत नाही. प्राणी चिडका आणि संशयी होतो.

चष्मेवाली मागे येऊन उभी राहिली होती. तिचे कान लाल झाले होते. "मावशी, आम्ही प्राण्यांबद्दल लिहिलंय."

"कळलं मला. साळिंदर केवढं असतं गं?"

मुलीने दोन्ही हात धरून दाखवलं. एवढंसं.

मावशीला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि कोणावर रागवावं ते कळेना. मुलांवर नव्हे, त्यांनी तर खरं लिहिलं होतं. एकोणीस वर्षं तिने ज्या जागेवर डोळ्यांत तेल घालून पहारा केला, ती जागा कधी कोणाला नकोच होती. पोरांनी ती साळिंदरालाही दिली नव्हती.

"तुझी टेप दे जरा," ती म्हणाली.

ऑफिसात जाऊन तिने दोन्ही कुलपांच्या किल्ल्या मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या.

"अहो मावशी, सांगितलं ना, तुमची खोली कोणी घेत नाही."

"तेच म्हणते मी. कोणी घेत नाही. मला दोन मावशी जागा द्या. साळिंदराएवढी, खिडकीसकट."

बाईंनी तो तक्ता पाहिला होता, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी किल्ल्या उचलून बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "वाचनालयामागची नकाशांची खोली आहे. बघते मी."

"बघते नको," मावशी म्हणाली. तिने एप्रनच्या खिशातून टेप काढली आणि तिचं एक टोक बाईंच्या हातात दिलं. "चला, मापून घेऊ."