वीतभर तिफण

दुकानात दोन गोष्टी साचतात. एक भुसा, दुसरं लोकांचं बोलणं. भुसा मी दिवस मावळायच्या आत झाडून कोपऱ्यात लावतो. बोलणं झाडता येत नाही. ते डोक्यात राहतं, आणि माझं डोकं आधीच गरम.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. सेलूत एसटी स्टँडच्या मागे दुकान आहे. पूर्वी वखर, पेरणीच्या तिफणी, बैलगाड्या करायचो. ट्रॅक्टर आले, ते काम थांबलं. तेव्हापासून तीच औतं लहान करतो. फुटाला एक इंच, हे माप. दुकानात दुसरा माणूस रहीमभाई पेंटर. तो पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि त्याचाही हात रिकामा झाला. आता तो नखाएवढी चित्रं काढतो, तांदळाच्या दाण्यावर नावं लिहितो. त्याच्या कुंचल्याला तीन केस आहेत.

आमचा नियम एकच. मोठं जे काम करतं, ते लहानानं केलं पाहिजे. गाडीचं चाक फिरलं पाहिजे. तिफणीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या वाटीत, टाकलेलं बी तिन्ही नळ्यांतून खाली आलं पाहिजे. नुसतं दिसायला केलं तर ते खेळणं. मी खेळणी करत नाही.

एक तिफण मी विकत नाही. माझ्या वडिलांनी केलेली तिफण घरी होती. थोरल्या भावाने ती पुतणीच्या लग्नात चुलीत घातली. विचारलं तर म्हणाला, "लय वाळली होती रे, भराभरा पेटली." त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. तिची मापं मी आधीच दोरीवर गाठी मारून ठेवली होती. त्या मापांची ही वीतभर तिफण. वडिलांच्या हातचं आता एवढंच उरलं आहे. त्याला कोणी खेळणं म्हटलं की मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवतो.

*

एकदा लोकांच्या आग्रहाने ती तिफण एका प्रदर्शनात ठेवली. डावीकडे थर्माकोलचं देऊळ, उजवीकडे बाटल्यांचं झुंबर. वर पाटी होती, "टाकाऊतून टिकाऊ".

बक्षीस ठरवणाऱ्या मॅडम आल्या. चष्मा वर करून बघितलं.

"आजोबा, आइस्क्रीमच्या काड्या वापरल्या का?"

"बाभूळ आहे."

"अरे वा. आणि या नळ्या?"

"गव्हाच्या काडाच्या."

"छान. लहान मुलांना खेळायला चांगलं आहे."

पहिला नंबर झुंबराला. मला उत्तेजनार्थ. बहात्तर वर्षांच्या माणसाला उत्तेजन! तिफण उपरण्यात गुंडाळली आणि घरी आलो. प्रमाणपत्र तिथेच राहिलं. ते त्यांनी झुंबराला लावावं.

*

रहीमभाईचं तर याहून वाईट झालं. एका कापूस व्यापाऱ्याने मुलाच्या लग्नासाठी तांदळाच्या दाण्यावर नवरा-नवरीची नावं लिहून घेतली. रहीमभाई दोन दिवस श्वास धरून लिहीत होता. तो लिहायला बसला की मी रंधासुद्धा चालवत नाही. दाणा लाल मखमलीच्या डबीत ठेवून दिला.

मंडपात पाहुण्यांना दाखवायला डबी उघडून ठेवली होती. मंगलाष्टकं सुरू झाली. नवरदेवाचे मामा शेजारी उभे. त्यांच्या हातातल्या अक्षता आधीच संपल्या होत्या. शेवटचं "सावधान" झालं आणि मामांनी डबीतला तांदूळ उचलून टाकला.

पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. वाजंत्री वाजत होती आणि निम्मं वऱ्हाड गुडघ्यांवर. जो तो अक्षता उचलून उजेडाला धरतोय. एक जण म्हणाला, "सापडला, सापडला." बघितलं तर ती मुंगी होती.

व्यापारी घाम पुसत रहीमभाईकडे आला. "भाई, दुसरा लिहून देता का? जेवणं होईपर्यंत?"

माझा हात उठायचाच बाकी होता. रहीमभाईने माझं मनगट धरलं.

"दुआ तो लग गई ना, मिस्त्री. बस."

त्याचं काम गेलं आणि समजूत माझी काढायला लागला. मी जेवलो नाही.

*

कांबळे सर आमच्या दुकानात रोज येतात. शाळेत इतिहास शिकवायचे. एक दिवस मोबाइलवर फोटो घेऊन आले. मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, राजे-सरदारांच्या थडग्यांत लाकडाची लहान लहान माणसं ठेवायचे. कोणी नाव वल्हवतोय, कोणी धान्याच्या कोठारात पोती वाहतोय, कोणी दोन बैलांवर नांगर धरलाय. हजारो वर्षांपूर्वीचं काम. मग जपानातलं दाखवलं. तिकडे कमरेची पिशवी अडकवायला लाकडाची बोंडं वापरायचे, आणि एकेका बोंडावर अख्खा उंदीर कोरलेला, शेपटीसकट. मग आपल्या दख्खनच्या सुलतानांचे चितारी. तळहाताएवढ्या कागदावर पूर्ण दरबार, आणि मिशीचा केस न् केस वेगळा.

तिथे रहीमभाईने मोबाइल हिसकावून घेतला. परत देईना. "खारीच्या शेपटीचा केस हाय हा. दुसऱ्या कशानं न्हाई होत." पुढचा अर्धा तास तो आमच्यात नव्हता.

मी मिसरचा नांगर बघितला. जुवाला दोरी कशी बांधलीय ते बघितलं. करणारा शेतात गेलेला माणूस होता. घरात बसून त्याने ती गाठ मारलेली नाही.

सर म्हणाले, "लहान वस्तूपुढे माणूस वाकतो, मिस्त्री. जवळ येतो, गप्प होतो. म्हणून सगळ्या मुलखांत लोकांनी हे केलं."

"इथं वाकत न्हाईत सर. मोबाइल पुढं करतात आन् जातात."

"चिडता कशाला?"

"त्यानं थडग्यात ठेवलं तर कला. मी दुकानात ठेवलं तर खेळणं. चिडू नको तर काय करू?"

सरांनी चहा सांगितला. चिडलेल्या माणसाला चहा पाजणं हे शिक्षकांचं एकच औषध.

*

याच सरांनी आम्हाला चारठाण्याची देवळं दाखवायला नेलं. एका खांबावर वाजवणाऱ्यांची ओळ आहे. बोटाएवढी माणसं. ढोलकीवाल्याच्या हाताची बोटंही वेगळी मोजता येतात, आणि ती भिंतीकडच्या बाजूला आहेत. मी मान वाकडी करून बघत होतो. शेजारी शहरातला एक पाहुणा उभा होता.

"इतकं बारीक कशाला केलं असेल? इथून तर दिसतही नाही."

"तुमच्यासाठी केलं न्हाई," मी म्हणालो.

परत येताना सर बसमध्ये माझ्यापासून दोन बाकं पुढे बसले. रहीमभाई हसत होता.

*

आता जावई. जावयाला वेडंवाकडं बोलायची सोय नसते, म्हणून हा राग सगळ्यात मुरलेला आहे. जावई पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतात. दिवाळीत आले, माझ्या तिफणीचे चहूबाजूंनी फोटो घेतले. पुढच्या खेपेला पांढऱ्या प्लास्टिकची तिफण घेऊन आले.

"मामा, मशीनवर केली. एका दिवसात शंभर निघतील."

मी हातात घेतली. उजेडाला धरली. उजेड आला नाही.

"जावईबापू, नळ्या भरीव आहेत."

"दिसायला सेम आहे ना, मामा."

"पेरायचं कशातनं?"

"पेरायचंय कुठं?"

दारातून बायकोने डोळे मोठे केले. मी तांब्याभर पाणी प्यालो. प्लास्टिकची तिफण दुकानात आणून रहीमभाईला दिली. तो तिच्यावर ओले कुंचले टेकवतो. भरीव नळ्यांचा किस्सा मी पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो. माझ्या तिफणीच्या नळ्या पोकळ आहेत, हेही सांगत होतो.

*

यंदा मृग लागायच्या आधी दुकानाच्या सावलीला एक म्हातारी येऊन बसली. पालमकडची. लेकीला भेटून गावी निघाली होती, एसटीला वेळ होता. पाणी मागितलं. मी दिलं. पिता पिता तिची नजर फळीवर गेली.

"मिस्त्री, ती तिफण हाय का?"

"हाय."

"बघू."

मी ती कोणाच्या हातात देत नाही. तिने हात पुढे केला होता, मागे घेत नव्हती. दिली.

तिने वाहवा केली नाही. केवढ्याला, हेही विचारलं नाही. फण बोटाने दाबून बघितले. चाड्यात करंगळी फिरवली. "चाड्यावर मूठ धरायला मीच असायचे," म्हणाली. "तीस वरसं. आमचे मालक औत धरायचे, मी मूठ सोडायचे." मग पिशवीतून राजगिऱ्याची पुडी काढली. कोपऱ्यातला बाभळीचा लाल भुसा जमिनीवर ओढून हाताने सपाट केला, पेरणीआधी रान करतात तसा.

"धरा," मला म्हणाली.

मी रहीमभाईकडे बघितलं. त्याने कुंचला खाली ठेवला. मी गुडघे टेकले आणि तिफण धरली. तिने चिमटीतून राजगिरा चाड्यात सोडायला सुरुवात केली, हळूहळू, एकसारखा. मी ओढत गेलो. हातभर गेल्यावर तिने माझ्या खांद्यावर बोट मारलं.

"थांबा. मधली नळी आंधळी हाय."

"न्हाई," मी म्हणालो. "पोकळ हाय. मी स्वतः केलीय."

"बघा की मग."

भुशावर तीन तासं पडली होती, रेघा ओढाव्यात तशी. कडेच्या दोन तासांत पांढरे दाणे होते. मधलं रिकामं.

रहीमभाईने कुंचल्यांखालच्या प्लास्टिकच्या तिफणीकडे बघितलं. वर्षभर त्याने भरीव नळ्यांचा किस्सा ऐकला होता. मी उठलो. सायकलच्या तारेचा तुकडा शोधला. नळीत घातला. भुशाचा एक कण बाहेर पडला.

बाहेर पालमची गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता. रहीमभाई म्हणाला, "माय, तुमची गाडी."

तिने तिकडे बघितलंही नाही. भुसा पुन्हा सपाट केला, चिमूट भरली आणि चाड्यावर धरली.

"धरा लवकर, मिस्त्री. वापसा जायलाय, ओल उडायलीय."

मी गुडघे टेकले.